‘गुन्हा कबूल’ म्हटल्यानंतरची वाट

दुर्ग जिल्ह्यातील अहिवारा येथील एखाद्याने किरकोळ खटल्यात ‘गुन्हा कबूल’ म्हटले, दंड भरला आणि मग पस्तावला, तर त्याने कोठे जावे? 1936 ते 1956 या काळात त्याचे उच्च न्यायालय नागपूरला होते. पुढे जबलपूरला, 2000 पासून बिलासपूरला. न्यायालयाचे शहर बदलले, नियम फारसा बदलला नाही.

1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 412 पाहा. कबुलीवर दोषी ठरलेल्याला अपील नाही. शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतेच आहे. 1973 च्या संहितेत हेच कलम 375 झाले आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 416. स्वतःच मान्य केले, मग तक्रार कसली, असा त्यामागचा विचार. पण कबुली समजून-उमजून दिली असेल तरच तो टिकतो. म्हणूनच ती शक्यतो आरोपीच्याच शब्दांत लिहावी, असे कायदा सांगतो. घाईत भरलेल्या छापील नमुन्यात ते शब्द कितपत उतरतात, याचा विचार तुम्हीच करा.

महाराष्ट्रातील तेलभेसळीच्या एका खटल्यात 1976 साली न्या. कृष्ण अय्यर यांनी अशा पडद्याआडच्या सौद्यांवर कडक टीका केली. गुजरातच्या कासमभाई खटल्यात (1980) सर्वोच्च न्यायालय पुढे गेले: सौद्यातून मिळालेल्या कबुलीवरची दोषसिद्धी रद्द करून खटला परत पाठवला. थिप्पेस्वामी खटल्यात (1983) हलक्या शिक्षेच्या आशेने कबुली घेऊन वर ती शिक्षा वाढवणे अनुच्छेद 21 च्या विरुद्ध ठरले.

म्हणजे अपील बंद असले तरी पुनरीक्षण अर्ज आणि उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार उरतात. पुनरीक्षणाची मुदत 90 दिवस. मात्र दोषसिद्धी रद्द होणे म्हणजे सुटका नव्हे. बहुधा खटला पुन्हा चालतो आणि या वेळी शिक्षा जास्तही होऊ शकते. 2006 पासून सौद्याला कायद्याचीच चौकट मिळाली. त्या निकालावर अपील नाही, फक्त अनुच्छेद 136 खालील विशेष अनुमती याचिका किंवा 226, 227 खालील याचिका.

नोकरीसाठी डाग पुसायचा असेल, तर 1958 चा परिवीक्षा कायदा वाचा. त्याच्या कलम 12 मुळे दोषसिद्धीने येणारी अपात्रता टळते, पण समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्यांनाच. दंड भरून घरी गेलेल्याला हे कलम लागू होत नाही.