अ‍ॅक्युज्ड म्हणजे कन्व्हिक्ट नव्हे! पोलीस-कोर्टाच्या बातम्यांत गल्लत होणारे इंग्रजी शब्द

एखाद्या गुन्ह्याची इंग्रजी बातमी येते. कुणीतरी घाईघाईत तिचं मराठी करून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतं. तासाभरात चौकशीसाठी ताब्यात घेतलेला माणूस 'गुन्हेगार' ठरलेला असतो, सोबत त्याचा फोटोही फिरत असतो. मूळ बातमीत तसं काहीच नसतं. चुकलेला असतो तो फक्त एक शब्द. अशी गल्लत नेमक्या कोणत्या शब्दांत होते आणि त्यांचे अर्थ काय, ते जाणून घेऊया.

सस्पेक्ट, अ‍ॅक्युज्ड आणि कन्व्हिक्ट

सस्पेक्ट म्हणजे संशयित. पोलिसांना त्याच्यावर संशय आहे, एवढाच याचा अर्थ. अ‍ॅक्युज्ड म्हणजे आरोपी, म्हणजे ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे तो. कन्व्हिक्ट म्हणजे कोर्टाने दोषी ठरवलेली व्यक्ती. 'गुन्हेगार' हा शब्द फक्त या तिसऱ्या माणसाला लागू होतो. एफआयआर दाखल झाला किंवा चार्जशीट, म्हणजेच दोषारोपपत्र, कोर्टात गेलं तरी तोपर्यंत तो आरोपीच असतो.

डिटेन आणि अरेस्ट

डिटेन म्हणजे ताब्यात घेणे, अरेस्ट म्हणजे अटक. चौकशीसाठी ताब्यात घेतलेल्याला अटक होईलच असं नाही. अटक झाली, तर राज्यघटनेच्या कलम २२ नुसार त्या व्यक्तीला अटकेचं कारण सांगावं लागतं आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं.

प्रिव्हेंटिव्ह डिटेन्शन हा प्रकार मात्र वेगळा. त्याला मराठीत स्थानबद्धता म्हणतात. महाराष्ट्रात 'एमपीडीए'खाली स्थानबद्ध केल्याच्या बातम्या येतात, त्या याच प्रकारातल्या. ही झालेल्या गुन्ह्याची शिक्षा नसते, पुढे गुन्हा घडू नये म्हणून केलेली कारवाई असते.

पीसीआर आणि एमसीआर

पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी. यात तपासासाठी आरोपी पोलिसांच्या ताब्यात असतो. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. यात त्याची रवानगी तुरुंगात होते. त्यामुळे 'तुरुंगात पाठवलं' याचा अर्थ 'शिक्षा झाली' असा होत नाही.

बेल, डिस्चार्ज, अ‍ॅक्विटल आणि क्लीन चिट

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथे.

- बेल : जामीन. आरोपी अटींवर बाहेर येतो, पण खटला चालूच राहतो. 'जामीन मिळाला म्हणजे सुटला' हे चूक.
- डिस्चार्ज : खटला चालवण्याइतका आधारच नाही असं वाटलं, तर कोर्ट आरोप निश्चित करण्याआधीच आरोपीला मुक्त करतं. मराठी बातम्यांत यासाठी 'दोषमुक्त' असं लिहितात.
- अ‍ॅक्विटल : खटला चालून, पुरावे तपासून झालेली निर्दोष मुक्तता. या निकालावर वरच्या कोर्टात अपील होऊ शकतं.
- क्लीन चिट : हा कायद्यातला शब्दच नाही. तपास यंत्रणेला पुरावा सापडला नाही, असं सांगायला माध्यमं तो वापरतात. यंत्रणेने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला, तरी तो स्वीकारायचा की नाही हे कोर्ट ठरवतं.

थेफ्ट, बर्गलरी, रॉबरी आणि डकॉयटी

बंद घराचं कुलूप तोडून दागिने नेले, की पोस्ट पडते, 'कॉलनीत दरोडा!' खरं तर ती बर्गलरी, म्हणजे घरफोडी. नकळत वस्तू लांबवली तर थेफ्ट, म्हणजे साधी चोरी. मारहाण करून किंवा चाकूचा धाक दाखवून ऐवज हिसकावला तर रॉबरी, म्हणजे जबरी चोरी. हीच जबरी चोरी पाच किंवा त्याहून अधिक जणांनी मिळून केली किंवा तसा प्रयत्न केला, तर डकॉयटी, म्हणजे दरोडा. दोघांनी पिस्तूल दाखवून दुकान लुटलं, तरी कायद्याच्या भाषेत तो दरोडा होत नाही.

मर्डर आणि कल्पेबल होमिसाइड

मर्डर म्हणजे खून, तर कल्पेबल होमिसाइड म्हणजे सदोष मनुष्यवध. माणसाचा जीव दोन्हीत जातो. फरक पडतो तो हेतू आणि परिस्थितीचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे, फाशी किंवा जन्मठेप. खून न ठरणाऱ्या सदोष मनुष्यवधाची शिक्षा कलम १०५ मध्ये आहे. निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूसाठी कलम १०६ वेगळं आहे. त्यामुळे प्रत्येक अपघाती मृत्यूला 'मर्डर' म्हणणं चुकीचं ठरतं.

पॅरोल आणि फर्लो

दोन्ही सवलती शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांसाठी आहेत. घरात मृत्यू, गंभीर आजारपण अशा ठरावीक कारणासाठी मिळते ती पॅरोल, म्हणजे अभिवचन रजा. ठरावीक काळ शिक्षा भोगल्यावर, असं खास कारण नसतानाही मिळू शकते ती फर्लो, म्हणजे संचित रजा. दोन्हीत कैद्याला मुदत संपताच तुरुंगात परतावं लागतं. कच्च्या कैद्याची तात्पुरती सुटका होते ती अंतरिम जामिनावर, पॅरोलवर नव्हे.

एका शब्दाने काय बिघडतं?

पोस्ट डिलीट करता येते, पण तिचे स्क्रीनशॉट फिरतच राहतात. उद्या तो माणूस निर्दोष सुटला तरी नोकरी, लग्न, शेजार अशा प्रत्येक ठिकाणी जुनी पोस्ट त्याच्या आड येते. पोस्ट करणाराही अडचणीत येऊ शकतो. न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामीसाठी दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड, दोन्ही किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. 'आलेला मेसेज फक्त पुढे पाठवला', एवढं म्हटल्याने सुटका होईलच असं नाही.

लक्षात ठेवा

बातमी शेअर करण्याआधी एकच प्रश्न विचारा, कोर्टाचा निकाल लागला आहे का? लागला नसेल, तर 'गुन्हेगार' खोडा आणि 'आरोपी' किंवा 'संशयित' लिहा.