पाचारण : केडगावच्या पंडिता रमाबाईंची कहाणी

आपल्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीची माहिती असावी, असे चिटणीसबाईंनी सुचवले आणि ते काम माझ्यावर सोपवले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वानांच्या भाषेत मला लिहिता येणार नाही, स्वयंपाकघरात बोलतो तशा भाषेत लिहिते.

आम्हा ख्रिस्ती लोकांत ‘पाचारण’ हा शब्द फार चालतो. एखादा मुलगा पाळक व्हायला निघाला, एखादी मुलगी परिचारिका होऊन दूरच्या मिशन दवाखान्यात गेली, की आम्ही म्हणतो, तिला देवाचे पाचारण झाले. मंडळातल्या शेजारणी मला विचारतात, “अहो, देव हाक मारतो म्हणजे काय? आवाज येतो का? आणि ती देवाचीच हाक, आपल्या मनाचे खेळ नव्हेत, हे ओळखायचे कसे?” प्रश्न अगदी रास्त आहे. आमच्या पवित्र शास्त्रात शमुवेल नावाच्या मुलाची गोष्ट आहे. देवाने त्याला रात्री तीनदा हाक मारली आणि तिन्ही वेळा तो उठून म्हाताऱ्या एली याजकाकडे धावला, कारण त्याला वाटले की एलीच बोलावतो आहे. शमुवेलासारख्यालाही पहिल्याने हाक ओळखता आली नाही. मग आपल्यासारख्यांना ती एकदम कशी कळावी? म्हणून मी आज अशा एका बाईंची कहाणी सांगते, की ज्यांना ती कळायला बरीच वर्षे लागली, आणि कळल्यावर ज्यांनी मागे पाहिले नाही.

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळ येथील रानात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. बायकांनी संस्कृत शिकू नये असे मानण्याचा तो काळ, पण शास्त्रीबोवांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले आणि त्यासाठी पंडितांचा रोष पत्करला. आईने मग लेकीला शिकवले. घर सोडून हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडे. रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत होते, ते या पायी प्रवासात, पहाटे आईजवळ बसून पाठ केलेले.

रमाबाई सोळा-सतरा वर्षांच्या असताना दक्षिणेत दुष्काळ पडला. होते नव्हते ते सारे विकून झाले. भीक मागणे किंवा मजुरी करणे या माणसांना ठाऊक नव्हते. झाडपाला आणि रानफळे खाऊन त्यांनी दिवस काढले. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईच्या प्रेताला खांदा द्यायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे मिळाले, तिसरे भाऊ श्रीनिवास, आणि चौथ्या स्वतः रमाबाई. त्या अंगाने ठेंगण्या होत्या. खांदा पुरेना म्हणून त्यांनी आईचा भार डोक्यावर घेऊन स्मशान गाठले. भगिनींनो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे वीस-बावीस वर्षांनी त्यांना जी हाक आली, ती ओळखण्याची खूण इथेच त्यांच्या अंतःकरणात उमटून राहिली.

उरलेली दोघे भावंडे हिंदुस्थानभर पायी हिंडली. झेलम नदीच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून वाळूत खड्डे करून, गळ्यापर्यंत वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. १८७८ साली ती कलकत्त्यास पोचली. तिथे या तरुण मुलीचे संस्कृत ऐकून विद्वान थक्क झाले व त्यांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. एवढा मान मिळाला, पण मनाला स्वस्थता नव्हती. स्त्रियांना आणि शूद्रांना मोक्षाचा मार्ग आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यांना वाचलेल्या ग्रंथांत सापडेना. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांनी विवाह केला. कन्या मनोरमा जन्मली. सिल्चरला नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली व ती त्यांनी आवडीने वाचली. पण १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने मेधावी वारले. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. पदरी तान्हे मूल घेऊन ही विधवा त्याच वर्षी पुण्यास आली.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि शिक्षणाच्या हंटर कमिशनपुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर तयार करण्याची मागणी केली. पुढे १८८३ साली त्या इंग्लंडात गेल्या. तेथे वाँटेज गावी त्या जोगिणींच्या मठात राहत असत. या जोगिणींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथे चाललेले आपले काम दाखवले. समाजाने ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे आईच्या मायेने सांभाळीत. रमाबाईंना नवल वाटले. अशा बाईला कोणी जवळ घ्यावे, हे त्यांनी कुठे पाहिलेच नव्हते. हे तुम्ही का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका जोगिणीने त्यांना येशू आणि विहिरीवरची शोमरोनी स्त्री यांची गोष्ट वाचून दाखवली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. माझ्या मते ही त्यांची पहिली हाक. वादविवादात न हरलेली ही पंडिता टाकलेल्या बायकांची सेवा पाहून हलली.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला रमाबाई गेल्या आणि मग तिथेच राहून हिंदी विधवांची दुःखे त्यांनी गावोगाव सांगितली. १८८७ साली बोस्टन येथे त्यांच्या मदतीसाठी एक मंडळ निघाले व त्याने दहा वर्षे खर्च देण्याचे कबूल केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. १८९३ साली तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला, आणि १८९६ साली कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी आपला आश्रम काढला. एका दिव्याने दुसरा दिवा लागतो तो असा. लावणारीचा धर्म वेगळा म्हणून उजेड वेगळा होत नाही.

शारदासदन पुढे पुण्यास आले आणि इथे रमाबाईंची खरी परीक्षा झाली. कोणत्याही मुलीला धर्माचे शिक्षण द्यायचे नाही, असे ठरलेले होते. रमाबाई आपली प्रार्थना आपल्या खोलीत करीत, पण दार लावून घेत नसत, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. गावात ओरड झाली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून आपली नावे काढून घेतली, पालकांनी वीस-पंचवीस मुली परत नेल्या. पालकांचीही बाजू समजून घेतली पाहिजे. ज्यांनी लेकीसुना विश्वासाने धाडल्या, त्यांना भीती वाटणे स्वाभाविक होते. रमाबाईंचे म्हणणे असे, की मी कोणाला बोलावत नाही, पण माझ्या देवाला मी दार बंद करून भेटणार नाही. त्या वर्षी सदन रिकामे होते की काय, अशी वेळ आली. हाकेला ओ दिली म्हणजे सगळे सुरळीत होते, असे कोणी समजू नये. पुष्कळदा आपलीच माणसे दुरावतात.

याच सुमारास त्यांच्या मनातही एक मोठे वळण आले. त्यांनी पुढे लिहिले आहे की, बाप्तिस्मा घेऊन मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण धर्माचा जो जीव तो ख्रिस्त मला भेटला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना हे उमगले. नंतर लोणावळ्याच्या प्रार्थनासभेला त्या आपल्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या होत्या. तिथे त्यांनी देवाकडे मागितले, की या पंधरांची पंधरापट कर. पंधरापंचे पंचाहत्तर म्हणणाऱ्या आपण बायका, हिशोब चटकन करू : सव्वादोनशे. एवढ्या मुलींना ठेवायला जागा नव्हती आणि पोसायला पैसाही नव्हता. अमेरिकेच्या मंडळाची दहा वर्षांची मुदतही सरत आली होती.

आणि १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या. रमाबाईंना आपले जुने दिवस आठवले. ती भूक, तो झाडपाला, आईचे ते प्रेत. आपल्यासारख्या मुली आज तिकडे मरत असतील आणि आपण इथे स्वस्थ बसावे, हे त्यांना सोसेना. जवळ पैसा नव्हता, तरी त्या गेल्या. दुष्काळी छावण्यांतून हाडांचे सापळे झालेल्या मुली त्यांनी पाहिल्या, आणि अशा मुलींना फसवून वाईट मार्गाला नेणारी माणसेही पाहिली. मग मागेपुढे न पाहता त्यांनी मुली जमवून पुण्यास धाडल्या. काही महिन्यांत हा आकडा तीनशेच्या आसपास गेला. सव्वादोनशे मागितले होते, देवाने वर घातले.

एवढ्यात पुण्यात प्लेग आला. नव्या मुली शहरात ठेवण्यास सरकारने मनाई केली. दौंडच्या वाटेवर केडगाव स्टेशनाजवळ रमाबाईंनी फळबागेसाठी काही जमीन आधीच घेऊन ठेवली होती. ती मुलींना आसरा देईल असे घेताना कोणाच्या स्वप्नातही नसेल. त्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. विहिरी खणल्या, शाळा भरू लागली, आणि १८९८ साली ‘मुक्ति’ सदनाची रीतसर स्थापना झाली. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिकडच्याही मुली आल्या आणि केडगावची वस्ती दीड हजारावर गेली.

हे नुसते अन्नछत्र नव्हते. मुली शेती करीत, गाईम्हशी सांभाळीत, हातमागावर कापड विणीत, तेल काढीत, शिवण शिकत, आणि छापखान्यात खिळे जुळवीत. मनोरमाबाईंनी आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवले. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी ‘कृपासदन’ वेगळे होते. फुलहॅमला जे पाहिले, ते अशा रीतीने सोळा वर्षांनी आपल्या माळावर उभे राहिले. पिठाच्या चक्कीपासून हिशोबाच्या वहीपर्यंत सारे बायकांच्या हाती. घरात विधवेचे पाऊल अशुभ मानीत, त्या काळातली ही गोष्ट आहे.

त्यांचे शेवटचे मोठे काम म्हणजे पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर. खेड्यातल्या साध्या बाईला कळेल असे शास्त्र हवे, म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या व मूळ भाषांवरून भाषांतर केले. मुक्तीतल्या मुलींनी ते स्वतः छापले. १९२१ च्या जुलैत एकुलती एक मनोरमा आईच्या आधी गेली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ छापून बाहेर पडला तो १९२४ साली. केडगावचे मुक्ति मिशन आजही चालू आहे. १९८९ साली भारताच्या टपाल खात्याने रमाबाईंच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

आता शेजारणींच्या प्रश्नाकडे येते. रमाबाईंच्या चरित्रावरून मला हाकेच्या तीन खुणा दिसतात. पहिली, हाक बहुधा आपल्या जुन्या दुःखाच्या वाटेने येते. ज्या भुकेने त्यांची आई नेली, त्याच भुकेत सापडलेल्या मुलींनी त्यांना बोलावले. आपण जे सोसले ते दुसऱ्याने सोसू नये असे आतून वाटू लागले, तर तिथे कान द्यावा. दुसरी, ती परत परत येते. मनाची हौस असेल तर चार दिवसांत विरते. फुलहॅमची हाक सोळा वर्षे मनात टिकून राहिली. तिसरी खूण कठीण आहे. आपली ऐपत पुरती भरेपर्यंत हाक थांबत नाही. पैसा, जागा, माणसे यांचा हिशोब पुरा करून निघू म्हटले असते, तर रमाबाई पुण्यातच राहिल्या असत्या आणि त्या तीनशे मुलींचे काय झाले असते ते सांगायला नको.

सगळ्यांनाच केडगाव उभारायचे नसते. चूल, मुले, सासूसासऱ्यांचे औषधपाणी यांत आपला दिवस जातो, आणि हीही सेवाच आहे असे मी मानते. पण आपल्या चाळीत, आपल्या गल्लीत कोणी टाकलेली, कोणी विधवा, कोणी शाळा सुटलेली मुलगी असतेच. आपले मंडळ हळदीकुंकू आणि सहली यांच्या पलीकडे कशासाठी निघाले, याचा विचार या वर्धापनदिनी आपण करावा. तिचे नाव एखादीला आताच आठवले असेल, तर तिने उद्यापर्यंत थांबू नये, आज संध्याकाळीच तिच्या घरी जाऊन यावे.