टप्पीचं कर्ज

आज कुत्र्याबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात बचत गटापासूनच करावी लागेल.

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका गटाची मासिक सभा चालू होती. बचत जमा झाली, हप्ते आले, नव्या कर्जाची मागणी विचारली. तर गटातल्या सगळ्यात वयस्कर आजी म्हणाल्या, "मला दोन हजार पाहिजेत. टप्पीला सलाईन लावायचंय."

टप्पी म्हणजे त्यांची कुत्री. आई गावातलीच गावरान, बाप तालुक्याच्या एका नोकरदाराच्या घरचा पांढरा पामेरियन. पिल्लू निपजलं ते मांजरापेक्षा जरासं मोठं, एक कान उभा, एक पडलेला, शेपूट झुपकेदार. नातवानं नाव ठेवलं टफी, आजींच्या तोंडी त्याची टप्पी झाली. राखणीला तिचा उपयोग नाही, शेळ्यांमागे जायला नाही. रात्री आजींच्या गोधडीत पायाशी झोपायचं, एवढंच तिचं काम. मुलगा-सून पुण्याला गेल्यापासून घरात त्या दोघीच.

सभेत लगेच दोन तट पडले. "शेळी असती तर दिलं असतं. शेळी कर्ज फेडते, कुत्रं काय फेडणार?" असं एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "ही सगळी शहरातली थेरं. आपल्या आज्यांनी कधी कुत्र्याला डॉक्टर केला होता का?"

प्रश्न बरोबर होता. त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आलं नाही. नंतर पुस्तकं चाळली, जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. जे हाती आलं ते आज सांगतो.

पहिली गोष्ट फार जुनी आहे आणि फार लांबची. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल इथं १९१४ साली दगडाच्या खाणीत मजुरांना एक पुरलेला पुरुष, एक बाई आणि त्यांच्यासोबत कुत्र्याची हाडं सापडली. सुमारे १४,००० वर्षांपूर्वीची. तेव्हा शेती नव्हती, गाय-बैल नव्हते, माणूस शिकार करून जगत होता. कुत्रं म्हणजे जेमतेम सात महिन्यांचं पिल्लू. २०१८ साली त्याच्या दातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दातांवरच्या खुणा सांगत होत्या की या पिल्लाला डिस्टेंपर झाला होता. हा आजार आजही आपल्याकडे पिल्लांना होतो. ताप, उलट्या, नाका-डोळ्यांतून चिकट पाणी, शेवटी झटके. अशा आजारात ते पिल्लू कितीतरी आठवडे जगलं. कुणीतरी त्याला पाणी पाजलं, ऊब दिली, घाण पुसली, त्याशिवाय हे शक्य नव्हतं, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. आजारी पिल्लू शिकारीच्या काय कामाचं? तरी कुणीतरी त्याच्यापाशी बसलं. कोण बसलं हे हाडं सांगत नाहीत. आम्हाला मात्र वाचताना आजीच दिसल्या.

आपल्याकडचं तर तुम्हाला माहीतच आहे. भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव महाराज आपण कीर्तनात ऐकतो. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. खंडोबाचं कुत्रं असतं, चंपाषष्ठीला कितीतरी घरांत कुत्र्याला नैवेद्य दाखवतात. म्हणजे मान होता. पण दुसऱ्या दिवशी तेच कुत्रं ओसरीवर चढलं तर आपणच हातात काठी घेतो, हेही खरं.

मग 'थेरं' कुठून आली? कुत्र्याची 'जात' मोजण्याचा रिवाज फार जुना नाही. लंडनमध्ये १८७३ साली केनेल क्लब निघाला आणि कुत्र्यांच्या वंशावळी वहीत लिहायला सुरुवात झाली. त्याआधी कुत्रं कामावरून ओळखलं जायचं: मेंढरांचं, शिकारीचं, राखणीचं. वही आली तशी शुद्ध आणि भेसळ अशी वाटणी झाली. टप्पीला आज आपण 'मिक्स' म्हणतो, ते त्या वहीमुळे. (माणसांच्या अशा वह्यांचा अनुभव आपल्याला नवा नाही.)

पामेरियन हे नाव युरोपातल्या पोमेरेनिया या प्रदेशावरून पडलं. आधी ही कुत्री बरीच मोठी असायची. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीला १८८८ साली इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये मार्को नावाचं लहानसं पामेरियन आवडलं. तिनं ते नेलं, आणखी पाळली, आणि लहान चणीची कुत्री तिकडे लोकांच्या डोळ्यांत भरली. १९०१ साली ती वारली तेव्हा तिच्या अंथरुणावर तुरी नावाचं पामेरियन होतं. नाव आपल्या तुरीसारखंच. अर्ध्या जगावर राज्य केलेली विधवा बाई, शेवटच्या दिवसांत तिलाही जवळ कुत्रं लागलं.

आपल्याकडे अशी झुपकेदार कुत्री इंग्रजांच्या काळापासून आहेत. पण ती गावोगावच्या पोरांना माहीत झाली १९९४ साली, 'हम आपके हैं कौन' आला तेव्हा. त्यातल्या पांढऱ्या कुत्र्याचं नाव टफी. नातवाला टप्पीचं नाव कुठून सुचलं ते आता कळलं असेल.

आता डॉक्टरचा प्रश्न. आपल्या आज्यांच्या मनात कुत्रं म्हटलं की एकच आजार होता, पिसाळण्याचा. त्यावरची लस लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला दिली आणि तो वाचला. आपल्या देशात १९०० साली हिमालयात कसौलीला संस्था निघाली, १९०७ साली दक्षिणेत कुन्नूरला. कसौलीतच १९११ साली डेव्हिड सेम्पल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. पोटात चौदा इंजेक्शनं म्हणतात ती हीच. ती २००४ च्या अखेरीपर्यंत आपल्याकडे बनत होती. आता लस दंडावर घेतात, सरकारी दवाखान्यात मिळते. तरी चावलं की आजही गावात आधी मिरची नाहीतर चुना लावतात. ते करू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि लगेच, त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरचं लाडकं कुत्रं चावलं तरी हेच.

टप्पीला झालेला आजार मात्र वेगळा होता, पार्वो. उलट्या, रक्ताची पातळ घाण, तिचा उग्र वास. डॉक्टरांकडून आम्हाला कळलं की हा आजार १९७८ च्या सुमारास जगासमोर आला आणि दोन वर्षांत सगळीकडे पसरला. आजींच्या आजीनं पिल्लाला पार्वोची लस दिली नाही, कारण तिच्या काळात पार्वोच नव्हता. सभेतल्या त्या प्रश्नाचं उत्तर हे होतं, आणि ते आम्हाला उशिरा मिळालं.

उशिरा का म्हणतो, तेही सांगतो. टप्पीचा भाऊ आमच्या घरी होता. डॉक्टर सांगतात की पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, चार महिन्यांचं होईपर्यंत. पिसाळण्याविरुद्धची तिसऱ्या महिन्यानंतर, पुढे डॉक्टर सांगतील त्या तारखेला. आम्ही गावोगाव शेळ्यांच्या लसीकरणाची शिबिरं भरवतो, आणि घरातल्या पिल्लाला एकही टोचली नव्हती. पाऊस कमी झाला की नेऊ म्हणत होतो. उलट्या सुरू झाल्या तेव्हा हळद-दूध पाजत बसलो. तिसऱ्या दिवशी ते गेलं. ओबरकासेलच्या माणसांकडे लस नव्हती. आमच्याकडे तालुक्याला जाणारी एसटी होती.

म्हणून त्या सभेत आम्ही तोंड उघडलं. समन्वयकानं कर्जाच्या निर्णयात पडू नये असा नियम आहे, तो त्या दिवशी मोडला. आमच्या घरचं पिल्लू कसं गेलं एवढं सांगितलं आणि गप्प बसलो. शेळीवाल्या ताईच म्हणाल्या, "द्या. आजी कधी हप्ता चुकल्यात का?"

टप्पीला चार दिवस सलाईन लागलं. पार्वोच्या विषाणूला मारणारं औषध नाही, अंगातलं पाणी टिकवायचं आणि वाट बघायची. आजी दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिल्या. पाचव्या दिवशी तिनं भाताची पेज चाटली. हा विषाणू जमिनीत महिनोन्महिने राहतो, म्हणून ओसरी ब्लिचिंग पावडरच्या पाण्यानं धुऊन घेतली, गोधडी जाळली. आता टप्पीला नुसती दूध-चपाती नसते, भातात अंडं कालवून मिळतं. कांदा-लसणाची आमटी बंद, त्यानं कुत्र्याचं रक्त बिघडतं. आजींनी अंडी विकून पाच हप्त्यांत कर्ज फेडलं, व्याजासकट.

कर्ज नोंदवहीत 'कर्जाचे कारण' असा रकाना असतो. शेळी, बियाणं, शिक्षण, आजारपण असं त्यात लिहितात. त्या दिवशी गटाच्या सचिव पेन धरून थांबल्या, काय लिहू म्हणाल्या. आजी म्हणाल्या, "आजारपण लिही." "कुणाचं?" "घरातलं."

तसंच लिहिलं आहे.