वसईचा पाव, नागासाकीचा ‘पान’

माझ्या जपानच्या प्रवासाविषयी लिहावे, असे भगिनींनी सुचविले. पण वसईचा जपानशी संबंध फार जुना, तो आधी सांगते.

१५३४ ते १७३९ या काळात वसई पोर्तुगीजांकडे होती. त्या काळी वसईचा गोन्सालो गार्सिया जपानात गेला, तेथील भाषा शिकला व व्यापारात स्थिरावला. पुढे मनिला येथे तो फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि १५९३ साली दुभाषी म्हणून जपानला परतला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर चढविले, त्यांत तो होता. १८६२ साली त्याला संतपद मिळाले.

त्याच नागासाकीत मी एका गृहिणीकडे स्वयंपाक शिकले. कोंबू नावाचे समुद्रशेवाळ मंद आचेवर तापवून उकळीआधी काढायचे, मग सुक्या मासळीचा कीस घालून गाळायचे. हे तेथील साराचे मूळ. तेंपुऱ्यासाठी मैदा, अंडे व अगदी गार पाणी जेमतेम कालवायचे. फार ढवळले की पीठ चिकट होते व आवरण जड बनते. तळण्याची ही रीत पोर्तुगीजांनी नेली, असे मानतात. पावाला तेथे ‘पान’ म्हणतात. आपला ‘पाव’ही त्याच पोर्तुगीज शब्दापासून आला.

किल्ल्यांचा इतिहास लिहिला गेला. चुलीचा बहुधा आज्यांबरोबरच जातो. म्हणून पुढील स्मरणिकेसाठी प्रत्येकीने घरातील वडीलधाऱ्या बाईला विचारून एक जुनी कृती मापासह लिहून आणावी, ही विनंती.