कस्तुरी बैलाची लोकर आणि एका बेटाची वीण

आजचा भाग लोकरीवर आहे, पण मेंढीच्या नाही. या लोकरीचं नाव किव्हियूट. मस्कॉक्स, म्हणजे कस्तुरी बैल, याच्या राठ, लोंबत्या केसांखाली जो मऊ थर असतो तो हा. नाव फसवं आहे बरं का. या प्राण्यात कस्तुरीची ग्रंथी नसते आणि तो बैलही नाही, त्याचं नातं जवळचं आहे ते शेळ्या-मेंढ्यांशी.

अलास्कातल्या बायकांनी विणलेले किव्हियूटचे जाळीदार स्कार्फ पाहिले की वाटतं, हे हजार वर्षं असंच चालत आलं असणार. मलाही तसंच वाटलं होतं. वाचायला घेतलं तेव्हा कळलं की हे विणकाम माझ्या आजीपेक्षा वयाने लहान आहे! आणि जनावरंसुद्धा बाहेरून आणलेली.

झालं काय, तर लांडगे आले की मस्कॉक्सचा कळप पळत नाही. मोठी जनावरं शिंगं बाहेर करून कडं करतात, पिल्लं आत. लांडग्यांपुढे जबरदस्त बचाव. पण बंदुकीपुढे? अख्खा कळप एका जागी उभा, शिकाऱ्याने फक्त गोळ्या मोजायच्या. एकोणिसावं शतक संपेपर्यंत अलास्कात एकही मस्कॉक्स उरला नाही. तिकडे कॅनडात बायसनची कातडी मिळेनाशी झाली, तशी मस्कॉक्सच्या कातड्यांना मागणी आली. १९१७ मध्ये तिथल्या सरकारला शिकारीवर बंदी घालावी लागली.

मग १९३० मध्ये अमेरिकेने पूर्व ग्रीनलंडहून ३४ मस्कॉक्स आणले. प्रवास ऐका: ग्रीनलंडहून नॉर्वे, तिथून न्यूयॉर्क, मग सिएटल, मग अलास्कातलं सेवर्ड बंदर आणि शेवटी फेअरबँक्स. जो प्राणी त्याच मातीत फिरत होता, तो परत आणायला एवढा फेरा! १९३५-३६ मध्ये त्यांना नुनिव्हाक बेटावर सोडलं. तिथे लांडगे नाहीत, अस्वलं नाहीत. १९६८ पर्यंत कळप सातशेच्या वर गेला.

आता यात जॉन टील येतो. त्याचं म्हणणं साधं होतं: वसंत ऋतूत ही लोकर आपोआप सुटते, मग जनावर मारायचं कशाला? विंचरून घ्या. आपल्याकडे लडाखमध्ये पश्मीना बकरीची लोकर अशीच विंचरून काढतात. उलट शाहतूशसाठी चिरू हरणं मारली गेली, म्हणून तर त्यावर बंदी आहे. टीलने १९५४ मध्ये व्हरमाँटमध्ये मस्कॉक्स पाळायला सुरुवात केली आणि १९६४ मध्ये नुनिव्हाकची पिल्लं घेऊन फेअरबँक्सला फार्म उभा केला. एका मोठ्या जनावराकडून वर्षाला साधारण दोन-अडीच किलो लोकर मिळते. राठ केस वेगळे काढावे लागतात. पण एकदा सूत तयार झालं की ते धुतल्यावर मेंढीच्या लोकरीसारखं आटत नाही.

डिसेंबर १९६८ मध्ये नुनिव्हाकवरच्या मेकोर्युक गावात विणकामाचं पहिलं शिबिर झालं. पुढच्याच वर्षी बायकांची सहकारी संस्था निघाली, नाव ऊमिंगमाक, म्हणजे 'दाढीवाला'. मस्कॉक्सलाच तिथे असं म्हणतात. गावाने आपला नमुना कुठून घेतला माहितीये? १२०० वर्षं जुन्या, हस्तिदंती हार्पूनच्या टोकावरच्या कोरीवकामातून. पुढे दुसरी गावं आली, प्रत्येकाची वीण वेगळी.

खरं सांगू, आधी मला ही मार्केटिंगची युक्ती वाटली. जुनी खूण, नवा माल. मग लक्षात आलं की ज्या गावाला रस्ता नाही, विमान हीच एसटी, तिथे बाईला रोख पैसा कसा मिळणार? मासे वाळवायचे, मुलं सांभाळायची, त्यातून वेळ काढून सुया चालवायच्या. स्कार्फ पूर्ण झाला की पोस्टाने पाठवायचा, पैसे मिळतात. खपाची वाट बघावी लागत नाही. नमुना जुना की नवा हा माझा प्रश्न होता, त्यांचा नव्हता.

टीलला मात्र कळप गावागावांत हवे होते. तसं झालं नाही. तो पाळीव कळप आज अँकरेजजवळच्या पामरला फार्मवर आहे. लोकर तिथे विंचरतात, कातायला दूरच्या गिरणीत पाठवतात, आणि सूत विमानाने गावात उतरतं.