रूसोची सोफी

सातवीनंतर माझी शाळा सुटली. घरची वडील मंडळी म्हणाली, "पुढे पोळ्याच लाटायच्या ना!" जिनिव्हाच्या रूसोचेही म्हणणे फारसे निराळे नव्हते. १७६२ साली ‘एमिल’ या ग्रंथात त्याने लिहिले की, मुलाने घोकंपट्टी न करता स्वतः पाहून, विचार करून शिकावे. हे मला अगदी पटते. पण एमिलची होणारी बायको सोफी? तिने शिकायचे ते नवऱ्याला सुख लाभावे एवढ्यापुरतेच! इंग्लंडच्या मेरी वुलस्टनक्राफ्ट बाईंनी १७९२ साली हे मत खोडून काढले. जिची बुद्धीच वाढू दिली नाही, ती मुलांना काय शिकविणार? खुद्द रूसोने आपली पाचही मुले अनाथालयात धाडली. त्यांची आई थेरेस हिची इच्छा नव्हती. बाईंचेच खरे. माझी मुलगी आठवीचे गणित घेऊन येते, आणि मी तिला शेजारी पाठविते.