बाळ आणि बाळंतीण

ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या बालवैद्यकाचा इतिहास आनंदीबाई जोशींपासून सुरू करावा, असे माझे मत आहे. यावर पहिली हरकत ठरलेली आणि रास्तही आहे. कल्याणच्या जोशी घराण्यातल्या या मुलीने १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पदवी मिळवली, पण प्रबंध लिहिला प्रसूतिशास्त्रावर. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातली नेमणूक हातात असूनही ती जागा त्यांना घेता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, क्षयाने त्या गेल्या. मग त्यांना बालवैद्यकात कशाला ओढायचे? एक तर बालरोग हा वेगळा विषय तेव्हा अमेरिकेतही नुकता बाळसे धरत होता. तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना निघाली १८८८ मध्ये. दुसरे कारण अधिक मोलाचे. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि मूल दहा दिवसांत दगावले. ते दुःख सोसलेल्या बाईने शिकायला बाळंतपणाचे शास्त्र निवडले. बायकांसाठी बायकाच डॉक्टर हव्यात, हे त्यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या १८८३ च्या भाषणात सांगितलेच होते. दहा दिवसांच्या अर्भकाचा जीव आईच्या प्रकृतीवर आणि बाळंतपणाच्या व्यवस्थेवर टांगलेला असतो; म्हणून ही निवड मला बालवैद्यकाच्या मुळाशी जाणारी वाटते.

मुंबईत परळमध्येही आधी आई, मग मूल हाच क्रम दिसतो. वाडियांचे प्रसूतिगृह १९२६ चे, मुलांचे रुग्णालय १९२९ चे. यावर कोणी म्हणेल, मुले वाचवली ती लसीने, आईच्या काळजीने नव्हे. लसीचे श्रेय निर्विवाद आहे: मुंबईत १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला देवीची लस टोचली, तिथून सुरू झालेली वाट जानेवारी २०११ मधल्या देशातल्या शेवटच्या पोलिओ रुग्णापर्यंत येते. पण लस रोग अडवते, भूक नाही. १९९२ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात, वावर-वांगणीला, कुपोषणाने मुले गेली. आईच्या अंगात रक्त नसेल तर मूल जन्मतःच कमी वजनाचे निपजते आणि साधी हगवणही त्याला झेपत नाही. त्याच वर्षी संसदेने दुधाच्या पावडरीच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा केला. डब्यावर गुटगुटीत बाळाचे किंवा आईचे चित्र छापायलाही त्यात बंदी आहे. हा कायदा म्हणजे बालआरोग्याचेच काम, पण तो राखतो आईचे अंगावरचे दूध.

सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर आईच्या तपासण्या, बाळाच्या लसी आणि वजनाचा आलेख एकत्र असतात. खाजगी दवाखान्यातल्या फाइलीत बहुधा एकट्या बाळाचीच नोंद सापडते. डोंबिवलीची आई पहाटे डबे करून लोकल गाठते, दूध काढून ठेवायला कचेरीत जागा नसते, आणि वजन का वाढत नाही याचे उत्तर बरेचदा तिथेच असते. इथल्या बालरोगतज्ज्ञांना एवढीच विनंती आहे: बाळाला वजनकाट्यावर ठेवण्याआधी आईला विचारा, जेवलात का, झोप होते का, कामावर कधी रुजू झालात. आणि ती उत्तरे बाळाच्या फाइलीत लिहून ठेवा.